दर सोमवारचे बारा प्रश्न

आईच्या नावावर मी सतरा वेळा खोटी उत्तरं दिली. प्रत्येक वेळी बारा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला माझी दया येऊ नये असं मला वाटतं.

बाबा दिवाळीनंतर गेले. आई सांगलीत एकटी राहू लागली आणि तिचे फोन सुरू झाले. सकाळी सहाला: गॅस बंद केला की नाही आठवत नाही. नऊला: दाराबाहेर कुणीतरी उभं आहे. अकराला: छातीत धडधडतंय. मी पुण्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. हातात पिपेट आणि कानात आई, असे माझे दिवस जात. छातीतल्या धडधडीसाठी मी तीनदा सगळं टाकून सांगलीला गेले. तिन्ही वेळा कार्डिओग्राम नॉर्मल निघाला. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "मगदूमवहिनींचं हृदय तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. त्यांच्या मनाकडे बघा." आणि त्यांनी 'सोबत' समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला.

तिथल्या समुपदेशक अश्विनी लोहार. वय पस्तिशीचं, आवाज हळू, समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सवय. पहिल्या भेटीत त्यांनी टेबलावर एक लहानशी डबी उघडली. आत मोत्याची एक कुडी होती, अगदी पेढीवर मिळते तशी.

"एकच?" आईने विचारलं. "लोक म्हणतील दुसरी हरवली."

"दुसरी साधी देते मावशी, जोडी दिसायला."

"मग हरकत नाही. खोटे मोती आहेत ना?"

"मोती खोटे. बाकीचं खरं."

मग त्यांनी आम्हाला ते बाकीचं समजावलं. व्हेगस नावाचा एक लांबलचक चेतातंतू मेंदूच्या बुडापासून निघतो आणि मानेतून हृदय, फुप्फुसं, आतडी असा भटकत खाली जातो. शरीराला 'पळ' आणि 'थांब' असे दोन हुकूम कळतात. त्यातला 'थांब' हा बराचसा याच तंतूवरून जातो. त्याची एक बारीक फांदी कानात, भोकाजवळच्या खोलगट भागात, कातडीच्या लगेच खाली येते. तिथे अगदी सौम्य विद्युतप्रवाह दिला तर हृदय सावकाश होतं आणि भीती ओसरते. एवढं जुनंच ज्ञान होतं. नवं होतं ते कुडीचं ऐकणं. कुडीला शब्द कळत नाहीत. तिला कळतो आवाजातला कंप, दोन शब्दांमधला अडलेला श्वास, नाडीची उडी. माणूस भीतीची गोष्ट आठवून बोलू लागला की नेमक्या त्या क्षणी ती प्रवाह सोडते. आणि नुकतीच आठवलेली आठवण काही तास ओली असते. त्या वेळात मन शांत राहिलं, तर ती सुकताना तिच्यातली भीती कमी झालेली असते. असं काही महिने करत राहायचं.

"पण यंत्राला सगळं दुःख सारखंच दिसतं," अश्विनीबाई म्हणाल्या. "नवरा गेल्याचं दुःख आणि उगाच वाटणारी भीती यांत त्याला फरक कळत नाही. काय निवू द्यायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे माणसाने ठरवायचं. म्हणून आधी उद्दिष्टपत्र." त्यांनी एक कागद पुढे केला. "घरी न्या. घाई नको. मावशी, तुमच्या शब्दांत आलं पाहिजे. 'मला काही नको' असं लिहिलंत तरी चालेल."

घरी आल्यावर आई चष्मा शोधत राहिली, मग कुकर लावायला गेली. मला चारची बस पकडायची होती. बाबांच्या पेन्शनचा, गॅसचा, विम्याचा असे तिचे सगळे अर्ज आजवर मीच भरले होते, हाही भरला. दहा मिनिटं लागली. पहिलं उद्दिष्ट: शांत झोप लागणे. दुसरं: काळजी व तक्रारी कमी होणे. तिसरं: मुलीकडे पुण्यास राहायला जाण्याची मानसिक तयारी होणे. खाली मी पेन्सिलीने फुली केली, तिथे आईने सही केली. तिने वाचलं का? तिच्या हाताला कणीक होती. मी कागद धरला होता.

दर सोमवारी दुपारी आढावा येई. बारा प्रश्न, उत्तरांवरून कुडी पुढच्या आठवड्याचा प्रवाह कमी-जास्त करे. आढावा आईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर यायचा. पण आईचा जुना नंबर माझ्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर होता. बँक, आधार, वीजबिल, सगळ्यांचे ओटीपी तिकडे येत आणि आईला ते झेपत नसत. म्हणून मी तो स्वतःकडे घेऊन तिला नव्या नंबरचा मोठ्या बटणांचा फोन दिला होता. आमच्या पिढीने आईवडिलांची ही एवढी सेवा फार मनापासून केली.

पहिले पाच सोमवार मी तिला फोन करून प्रश्न वाचून दाखवले.

"झोप कशी लागली? चांगली, मध्यम की वाईट?"

"अगं, त्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने कुत्रं आणलंय."

"आई, चांगली, मध्यम की वाईट?"

"कुत्रं वाईट नाही गं. रडतं बिचारं. मी म्हटलं त्याला, बाबा, आई सोडून आलायस होय?"

बारा प्रश्नांना पन्नास मिनिटं लागत. सहाव्या सोमवारी एका उपनगरातून गॅस्ट्रोच्या साथीचे नमुने आले होते. एक वाजून दहा मिनिटांनी, एका हाताने डबा उघडता उघडता, मी बाराही उत्तरं स्वतः दाबली. चाळीस सेकंद लागली. मी तिला ओळखते, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेत एकाने विहिरीवर न जाताच पाण्याचा अहवाल लिहिला होता. त्याला काढून टाका म्हणून वर पत्र लिहिणारी मीच होते.

नववा प्रश्न असा होता: गेल्या आठवड्यात शरीरात कुठे नवीन दुखणं जाणवलं का? 'हो' म्हटलं की कुडी आपोआप बंद होई, आणि डॉक्टरांनी तपासून दाखला देईपर्यंत बंदच राही. कारण उघड होतं. कुडी भीती शमवते, आणि आजाराची भीती ही कधी कधी आपला एकमेव पहारेकरी असते. अश्विनीबाईंनी हे पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं. माझ्या दृष्टीने 'हो' म्हणजे आणखी एक रजा आणि सांगलीची आणखी एक फेरी. मी 'नाही' दाबत गेले.

आणि आई खरोखर बरी होत होती. फोन दिवसाला बारावरून तीनवर आले, मग एकावर. मेमध्ये तिने सोसायटीतल्या बायकांबरोबर कॅरम खेळायला सुरुवात केली.

"मी राणी घेतली आज," ती सांगे.

"अरे वा. आणि कव्हर?"

"कव्हर कुठलं घेतेस! चौगुलेबाईंचं लक्ष नव्हतं. तशीच ठेवून घेतली."

मी माझ्या मैत्रिणींना समुपदेशनाचे फायदे सांगत फिरत होते. आई शांत झोपते, आई हसते, आई आता तक्रार करत नाही. शेवटचं वाक्य मी विशेष आनंदाने म्हणायची.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व आलं. आम्ही सांगलीकडचे जैन. त्या दहा दिवसांत आई एकाशन करी, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि रोज बस्तीत जाई. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. केंद्रातल्या भेटी तिने दहा दिवसांपुरत्या पुढे ढकलल्या होत्या. पर्वाच्या सातव्या दिवशी, सोमवारी, पाऊणच्या सुमाराला तिचा फोन आला.

"बस्तीच्या पायऱ्या चढताना पाठीतून कळ येते बघ. खांद्यापर्यंत. थांबलं की जाते."

"उपासाने असेल."

"तेच म्हटलं मी. एकाशनाने असेल."

तिच्या आवाजात काही नव्हतं, अगदी काही नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी हेच सांगताना ती रडली असती आणि मी वैतागून का होईना बसमध्ये बसले असते. मी फोन ठेवला. एक वाजता आढावा आला. मी बारा उत्तरं दाबली.

पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाची क्षमा मागतो, लहानथोर न बघता. शनिवारी आईने फोन केला. "त्रिशला, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं-माकलं असेल तर क्षमा कर गं. आणि मला तुला एक सांगायचंय."

"आई, मीटिंगमध्ये आहे. रात्री बोलू?"

"बोलू की. निवांत बोलू."

मी उलट क्षमा मागायची राहिली. रात्री फोन करायचा राहिला. रविवारी सकाळी चौगुलेबाईंनी आईचं दार वाजवलं, दूधवाल्याची पिशवी तशीच लटकत होती म्हणून.

सोमवारी दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, माझ्या फोनवर बारा प्रश्न आले.

डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाची रक्तवाहिनी दोन-तीन आठवडे तरी अरुंद होत आली असणार. "त्रास झालाच असेल. बोलल्या नाहीत का कुणाला?"

"त्या यंत्राने कळलंच नसंल तिला," अभिनंदन म्हणाला.

"कळलं असणार," डॉक्टर म्हणाले. "कुडी कळ थांबवत नाही. कळ आली की वाटायची ती भीती थांबवते."

अभिनंदन माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बेळगावात त्याचं वर्कशॉप आहे. बाबांच्या वेळी तो रडला नव्हता. आईच्या वेळी लहान मुलासारखा रडला आणि मग संतापला. महिन्याभरात त्याने समुपदेशकांच्या नोंदणी परिषदेकडे अश्विनी लोहारांविरुद्ध तक्रार दिली. वकिलाने आढाव्यांची नोंद मागवली. एके रविवारी त्याने ती माझ्यासमोर टेबलावर पसरली.

"हे बघ आक्का. पहिले पाच सोडले तर दर सोमवारी एक वाजून दहा, एक वाजून बारा. बारा प्रश्न, चाळीस सेकंदात. आपली आई! टीव्हीचा रिमोट तिला धड दाबता यायचा नाही. त्या बाईनंच बसल्या बसल्या भरलंय हे सगळं."

नोंदीत आईचा जुना नंबर होता. मी तो अंक अंक वाचला, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

"बोल की काहीतरी."

"बाईंचं काय म्हणणं आहे?"

"काही म्हणत नाही. 'मी भरलेली नाहीत' एवढंच. मग कुणी भरली विचारलं, तर म्हणे भेटीतलं बोलणं सांगता येत नाही, माणूस गेलं तरी. चांगली पळवाट आहे." तो कागद गोळा करू लागला. "तू होतीस म्हणून आईचं निदान बाकीचं तरी नीट झालं. मी कुठं होतो? बेळगावात लोखंड कापत."

ते वाक्य मला त्याने हातात वाटी द्यावी तसं दिलं, आणि मी घेतलं.

परिषदेच्या समितीने दोन्ही वारसांकडून संमती मागवली. भेटींची ध्वनिमुद्रणं मोहोरबंद असतात. दोघांनीही सही केली तरच ती समितीपुढे उघडता येतात. एकाने जरी नाकारलं तरी ती बंदच राहतात आणि मग बनावट उत्तरं भरल्याच्या आरोपावर अश्विनी लोहारांची नोंदणी कायमची रद्द होणार होती. अभिनंदनने पहिल्याच दिवशी सही केली. माझ्यापुढे एक सोपा आणि सभ्य रस्ता होता. आईचं खाजगी बोलणं चारचौघांत ऐकवलं जाऊ नये, असं म्हणायचं. कुणीही मान डोलावली असती. भाऊसुद्धा.

सुनावणीच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सही केलीस?"

"विचार करतेय."

"विचार काय त्यात? पाणी तपासायलीस का काय?"

"आईचं बोलणं आहे रे ते."

"तिनं माझ्याबद्दल काही बोललं असंल म्हणून मलाही भीती वाटते आक्का. पण सगळं उघड झालं नाही तर असलं यंत्र अजून चाळीस जणांच्या कानात जाणार आहे."

वारसाला सही करण्याआधी ध्वनिमुद्रण ऐकता येतं. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर मी तराजूच्या खोलीत जाऊन बसले. तिथे वारा नसतो, धक्का नसतो. धुळीच्या कणानेही काटा हलतो म्हणून दार घट्ट लागतं. मी पहिली भेट लावली.

"ही उद्दिष्टं तुमची आहेत का मावशी?"

"लेकीनं लिहिलीत. चांगली लिहिलीत की."

"अक्षर त्यांचं असू दे. म्हणणं तुमचं आहे का?"

खुर्ची करकरली. मग आई म्हणाली, "झोपेचं माझं आहे."

"आणि बाकीची दोन?"

"ती तिच्या सोयीची आहेत. असू देत. तीही दमलीय."

"तुम्हाला काय हवंय इथे येऊन?"

"मला?" आई हसली. "मला असं कुणी विचारत नाही हो. काय जेवणार ते विचारतात." मग म्हणाली, "मला पुण्याला जायचं नाही. हे तिला सांगता यायला पाहिजे. ती रागावली तरी माझे हातपाय कापू नयेत. एवढंच."

पुढच्या भेटींमध्ये त्या दोघी हेच करत होत्या. कुडी बाबांच्या आठवणींवर नव्हती. अश्विनीबाईंनी ते दुःख वगळून ठेवलं होतं, आईनेच सांगितलं म्हणून. 'ते राहू दे, त्याच्याशी माझं बरं चाललंय.' कुडी शिकत होती ती आईची भीती: एकटेपणाची, आणि माझी. एका भेटीत अश्विनीबाई मी झाल्या होत्या.

"आई, सामान बांधलंस का? मी गाडी घेऊन येतेय."

"त्रिशला, मी... अहो, तुम्ही तिच्यासारखं भुवई वर करू नका, मला हसू येतं."

"भुवई नाही करत. बोला."

"त्रिशला, मी येणार नाही. माझा कॅरमचा डाव आहे."

"कारण नको मावशी. नुसतं सांगा."

"मी येणार नाही." आणि मग, स्वतःच चकित झाल्यासारखी: "बघा की, आलं."

कॅरम, झोप, हसणं. मला वाटत होतं ती माझ्या उद्दिष्टांकडे चालली आहे. ती तिच्या उद्दिष्टाकडे चालली होती आणि पोचत आली होती. शनिवारच्या फोनवर तिला काय सांगायचं होतं ते मला तराजूच्या खोलीत कळलं.

जूनमधल्या एका भेटीत अश्विनीबाईंनी विचारलं होतं, "ते सोमवारचे प्रश्न तुम्हीच भरता ना?"

"मला कुठं येतात प्रश्न? ते त्रिशलाकडं जातात."

"ती तुम्हाला विचारून भरते?"

"आधी विचारायची."

"मग मला त्यांच्याशी बोलावं लागेल. हे नियमात बसत नाही."

"नियम तुमचा, लेक माझी," आई म्हणाली. आवाज एकदम कोरडा. "तिला एक शब्द बोलायचा नाही. आई चुगली करते म्हणेल. तुम्ही मला इथं विचारा, मी खरं सांगीन. यंत्राकडं बघूच नका."

"कुठे दुखलं तर लगेच सांगाल?"

"सांगीन की. लपवून काय पुरायचंय?"

मी ध्वनिमुद्रण थांबवलं. लपवलं नव्हतंच तिने. ज्यांना सांगायचं त्यांच्याकडची भेट पर्वात पुढे गेली होती, म्हणून तिने मला सांगितलं.

सुनावणी सांगलीतल्याच एका सभागृहात होती. समितीत तिघे, अध्यक्ष डॉ. आडके नावाचे वयस्क मानसोपचारतज्ज्ञ. एका बाजूला अश्विनी लोहार एकट्याच, मांडीवर फाइल. त्यांनी मला पाहून नमस्कार केला, ओळखीचा, काही न मागणारा. त्या माझ्यापेक्षा बारीक झालेल्या दिसल्या. मी अभिनंदनच्या शेजारी बसले.

"संमतीपत्रावर मुलाची सही आहे," डॉ. आडके म्हणाले. "मुलीची नाही."

"ध्वनिमुद्रण उघडू नये अशी माझी विनंती आहे."

अभिनंदन वळला. "आक्का?"

"मग श्रीमती लोहारांच्या बचावाला काहीच उरत नाही, हे तुम्ही समजून घेतलंय?"

"हो. आई तिथे जे बोलली ते तिचं आहे, ते तिचंच राहू दे. तुम्हाला त्यातून जे शोधायचं आहे ते माझ्याकडे आहे." मी फोन टेबलावर ठेवला. "आईच्या नोंदलेल्या नंबरवर आत्ता एखादा संदेश पाठवा."

समितीतल्या बाईंनी नोंदवहीत पाहून नंबर टाकला. माझा फोन टेबलाच्या काचेवर थरथरला. अभिनंदन त्याच्याकडे पाहत राहिला. तोवर मी बोलत होते. सिम कसं माझ्याकडे आलं, पाच सोमवार आईला विचारलं आणि मग का थांबले, उद्दिष्टपत्र कुणाच्या अक्षरात आहे. आवाज कापला नाही. याचा मला अभिमान नाही. आमच्या कामात अहवाल असाच वाचतात.

"म्हणजे त्यापुढचे सतराही आढावे तुम्ही भरले. त्यांना न विचारता."

"हो. अश्विनीबाईंनी एकही नाही."

अश्विनीबाई उभ्या राहिल्या. "मला बोलायचंय. यांनी स्वतः सांगितलं म्हणून आता मला सांगता येईल. मला जूनपासून माहीत होतं. त्याच दिवशी मी कुडी बंद करायला हवी होती. मावशींचा शब्द मोडायला नको म्हणून नाही केली."

"त्याचा विचार स्वतंत्रपणे होईल," डॉ. आडके म्हणाले, "आणि होईलच. बनावट उत्तरांचा आरोप मात्र यांच्यावर राहत नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि अभिनंदनकडे पाहिलं. "मगदूम, तक्रार तुमची आहे. पुढे न्यायची, बदलायची की मागे घ्यायची, तुम्ही सांगा. वेळ हवा असेल तर घ्या."

अभिनंदन माझ्याकडे वळला. इतक्या जवळून त्याने माझ्याकडे वर्षानुवर्षं पाहिलं नसेल.

"तिनं तुला सांगितलेलं का? दुखतंय म्हणून?"

पाऊणचा तो फोन कुठेही नोंदलेला नव्हता. कुडी तेवढं ऐकत होती, पण कुडीला शब्द कळत नाहीत. मी आतापर्यंत कबूल केलेलं सगळं एका दमलेल्या, घाईत असलेल्या मुलीचं होतं. त्याच्यावर तो काही वर्षांनी पांघरूण घालू शकला असता. मी इथे थांबले असते तर तो भाऊ मला राहिला असता.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्या आधीच्या सोमवारी. पायऱ्या चढताना पाठीतून खांद्यापर्यंत कळ येते म्हणाली. मी म्हटलं उपासाने असेल. आणि फोन ठेवून 'नाही' दाबलं."

तो उठला. खुर्ची मागे घसरली ती त्याने सरळही केली नाही. दार उघडून बाहेर गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती, व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीपाशी. त्याने नळ सोडला आणि पेला न धरता नुसताच उभा राहिला. समितीतल्या कुणी घड्याळ पाहिलं नाही. अश्विनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. 'तुमच्या एकट्यांची चूक नाही' असं त्यांना म्हणावंसं वाटलं असेल, ते मला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काही वेळाने नळ बंद झाला.

तो आत आला. शर्टाची पुढची बाजू भिजली होती. माझ्या शेजारची त्याची खुर्ची त्याने सोडली, पलीकडच्या खुर्चीवर बसला आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली.

"पुढं चालवा," तो समितीला म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता, "तू पण. ती काय काय बोलायची ते सगळं सांग. एकही सोमवार सोडू नको."

मी पहिल्या सोमवारपासून सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या मुलाने आणलेल्या कुत्र्यापासून.